रानात बरं वाटतं म्हणजे काय?

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाला बसण्याची जागा कशी असावी याचे वर्णन आहे. गीतेच्या श्लोकात जागा शुद्ध असावी, आसन फार उंच नसावे, फार सखल नसावे, एवढेच सांगितले आहे. ज्ञानदेव मात्र तिथे रमतात. समाधानासाठी घटकाभर बसावे तर पुन्हा उठावेसे वाटू नये. वाटेने चाललेल्या पाखंड्यालाही इथे तप करावे असे वाटावे. विलासी राजाने जागा पाहिली, तर राज्य टाकून इथेच निवांत राहावे असे त्याच्या मनात यावे. झाडे दाट हवीत, मुळापासून गोड आणि सदा फळणारी. पावलापावलावर पाणी हवे, पण ते पावसाळ्यातही नितळ हवे. ऊन कोवळे, वारा मंद. गलबला नको, श्वापदांची वर्दळ नको, पोपट आणि भुंगेही नकोत. पाण्याकाठी हंस असावेत, दोन-चार सारस असावेत, एखादे वेळी कोकीळ येऊन बसला तरी चालेल. मोर कायमचे नकोत, पण अधूनमधून येऊन गेले तर आपली ना नाही.

मोरांविषयीची ही सवलत मला फार आवडते. नव्या गावी भाड्याचे घर पाहणारा चोखंदळ माणूस बोलतो आहे असे वाटते. हे सगळे इ. स. १२९० च्या सुमाराचे. त्यानंतर सातशे वर्षांनी, १९८९ मध्ये, अमेरिकेतल्या रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने निसर्गानुभवावरच्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की कामात एकवटलेले लक्ष थकते आणि निसर्गात ते विसावते. तिथल्या गोष्टी लक्ष वेधतात, पण ओढून घेत नाहीत. पानांची सळसळ, ढगांची चाल, पाण्यावरचा उजेड. ज्ञानदेवांनी पोपट का वगळला आणि हंस का ठेवला याचे उत्तर त्यात सापडते. पोपट लक्ष ओढून घेतो.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवली पाहिजे. ज्ञानदेवांची ती जागा म्हणजे अरण्य नव्हे. ते संपादित केलेले अरण्य आहे. पावसाळ्यातही नितळ पाणी ही सह्याद्रीत तरी कविकल्पनाच. आमच्या पाटण-जावळीकडे आषाढात ओढ्याला येणारे पाणी चहाच्या रंगाचे असते आणि त्याच्या काठावर बसणाऱ्याच्या पोटरीला जळू लागते. ज्ञानदेवांना हे ठाऊक नसेल असे नाही. त्यांना साधकासाठी जागा सांगायची होती, वनाचा अहवाल लिहायचा नव्हता. गेल्या काही वर्षांत मराठीत 'वनात गेल्याने बरे वाटते' या विषयावर जे लेखन येते आहे, त्यात मात्र या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते. लेखाच्या सुरुवातीला तुकोबांचा झाडावेलींच्या गणगोताचा अभंग, मध्ये जपानचे 'वनस्नान', शेवटी मोबाईल बंद ठेवण्याचा सल्ला. असे लेख मी पुष्कळ वाचले. एक-दोन लिहिलेही, हे कबूल केलेले बरे.

या लेखांतला कळीचा शब्द 'बरं वाटणं' हा आहे, आणि तो आपल्या भाषेत साधा नाही. 'बरं वाटत नाही' म्हणजे आजारी आहे. 'बरा झाला' म्हणजे रोग गेला. 'बरं झालं आलास' यातले बरे वेगळे, आणि 'बरं, निघतो' यातले आणखी वेगळे. सुख, आराम आणि रोगमुक्ती या तीन गोष्टी एका शब्दात राहत असल्यामुळे एकीवरून दुसरीवर उडी मारणे मराठी लेखकाला सोपे जाते. वनात आराम वाटला, म्हणजे वनाने रोग बरा केला. दुसरा शब्द 'रान'. पुण्या-मुंबईच्या वाचकाला रान म्हणजे जंगल. आमच्याकडे, म्हणजे कऱ्हाडपासून आटपाडीपर्यंत, 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय. रानात माणूस भांगलायला जातो, पाणी पाजायला जातो. तिथून आल्यावर त्याला बरे वाटते ते भाकरी खाऊन आडवे झाल्यावर.

उडी मारणे सोपे आहे म्हटले, तर ती या भागात पूर्वी एकदा मारून झालेली आहे, आणि तिचा निकालही लागलेला आहे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८-२९ मध्ये सातारचे राजे प्रतापसिंह यांच्याशी करार करून महाबळेश्वराचे ठाणे वसवले, ते आजारी गोऱ्या शिपायांना आणि अंमलदारांना थंड हवेत बरे करण्यासाठी. त्या वसाहतीचे नावच माल्कम पेठ. पुढे पाचगणीचे नाव झाले ते क्षयरोग्यांमुळे. डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांचे बेल-एअर हे आरोग्यधाम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. इकडे सांगली आणि मिरजेच्या मधल्या माळावर डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशनचे क्षयरोग आरोग्यधाम होते. त्या वस्तीला आजही वॉनलेसवाडी म्हणतात. आज तिथून जाताना दोन्ही बाजूंना इमारती दिसतात, पण एके काळी ती जागा मोकळ्या हवेसाठी निवडलेली होती हे नाव सांगते. मोकळी हवा, झाडी, उघडा व्हरांडा, दूध-अंडी आणि विश्रांती एवढाच त्या काळी क्षयावरचा इलाज होता. ज्याला परवडे तो पाचगणीला जाई. न परवडणारा आपल्या अंधाऱ्या खोलीतच खोकत राही.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि मग इतर औषधे आली. तरीही हवापालटावरचा विश्वास इतका पक्का होता, की आरोग्यधामात पाठवल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी रोगी बरा होईल यावर डॉक्टरांचाही भरवसा नव्हता. १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. जवळपास दोनशे गरीब क्षयरोगी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. निम्म्यांना वर्षभर आरोग्यधामात ठेवले, निम्म्यांना घरी. औषधे दोघांना तीच. घरी राहणारे दाटीवाटीच्या खोल्यांत राहत होते, त्यांचे जेवण निकृष्ट होते, त्यांच्या वाट्याला विश्रांती कमी होती. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते, आणि घरच्या रोग्यांमुळे कुटुंबीयांना जास्त लागण झाली असेही दिसले नाही. जगभरची आरोग्यधामे त्यानंतर हळूहळू बंद पडली किंवा त्यांचे दुसरे काहीतरी झाले. गरिबाच्या बाजूने लागलेला याहून मोठा वैद्यकीय निकाल मला माहीत नाही. पाचगणीचा खर्च झेपत नाही म्हणून मरायचे कारण उरले नाही.

हे सांगण्याचे कारण, वनस्नानाच्या लेखांत नेमका हा इतिहास नसतो. तो असता तर निदान 'वन हेच औषध' असे मथळे देताना हात थोडा थबकला असता.

याचा अर्थ आजच्या संशोधनात काही नाही असा नाही. रॉजर अल्रिक यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला छोटा अभ्यास मला अजूनही लोभस वाटतो. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी काढल्या आणि त्यांच्या जोड्या लावल्या. एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. पाऊण दिवस. हा आकडा मला पटतो, तो लहान आहे म्हणूनच. इंग्लंडमध्ये २०१९ साली सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून असे दिसले, की आठवड्यातून दोन तास किंवा त्याहून अधिक काळ निसर्गात घालवणारे लोक आपली प्रकृती आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. पण ते 'सांगतात'. शिवाय ज्याचे गुडघे धड आहेत तोच फिरायला जातो, ही अडचण उरतेच. जपानमधले रक्तातल्या पेशींवरचे प्रयोग तर एकेका वेळी डझनभर माणसांवरचे. तपासून पाहावे असे काहीतरी त्यात आहे, पण आपल्याकडे ते येईपर्यंत 'सिद्ध झाले आहे' होऊन येते. आणि 'वनस्नान' हा प्राचीन जपानी शब्द आहे असे जे लिहिले जाते तेही खरे नाही. तो १९८२ मध्ये तिथल्या वनखात्याने प्रचारात आणला. त्याच जपानात युद्धानंतर सरकारी धोरणाने लावलेल्या सुरूसारख्या सुगी वृक्षांचे पराग दर वसंतात कोट्यवधी लोकांना शिंका आणतात, हेही त्या लेखांत नसते.

१९८२ हे साल मला वेगळ्या कारणाने लक्षात आहे. त्याच वर्षी व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी आली. पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जपानचे सरकार आपल्या नागरिकांना वनात जाऊन शांत व्हा असे सांगत होते, तेव्हा माणदेशातला हा लेखक वानरांच्या टोळ्यांमधली सत्तेची लढाई, नराने नराला हाकलणे, नव्या नायकाने पिलांना मारणे, हे सारे आवाज न चढवता लिहीत होता. 'सत्तांतर' वाचून कुणाला 'बरं' वाटल्याचे मी ऐकलेले नाही. तरी त्या पुस्तकातून बाहेर आल्यावर माझे मन हलके झालेले असते, आणि हे कसे होते याचे उत्तर वनस्नानाच्या लेखांपाशी नाही.

माझे उत्तर असे. माडगूळकर वनात स्वतःला बरे वाटून घ्यायला जात नाहीत. ते पाहायला जातात. 'नागझिरा'मध्ये एकटाच जाऊन राहिलेला माणूस आहे, वही आहे, चित्रे आहेत. पण तिथे त्याच्या मनःस्थितीचा तक्ता तुम्हाला मिळणार नाही. कोणता प्राणी कुठे दिसला, पाणवठ्यावर कोण कुणाच्या आधी आले, ठशांवरून काय कळले, हे मिळेल. लेखकाचा 'मी' तिथे आहे, पण तो दुय्यम आहे, आणि वाचकाचा 'मी'ही मग आपोआप बाजूला सरकतो. मन हलके होते ते यामुळे. विसावा मिळतो, पण तो मागायला गेल्यावर नाही. मारुती चितमपल्लींच्या लेखनात हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने घडते. त्यांचा भर शब्दांवर. पाखराचे स्थानिक नाव, झाडाचे नाव, पारध्याची किंवा कोळ्याची संज्ञा. वनखात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला तिथे रोजचे काम होते, आणि काम असलेल्या माणसाचे वन वेगळे असते. माझी त्यांच्या लेखनाबद्दल तक्रारही आहे. ऐकीव आणि पाहिलेले यांच्यातली रेघ ते नेहमी ओढत नाहीत, आणि अद्भुताकडे त्यांचा कल जरा लवकर जातो. माडगूळकर या बाबतीत जास्त कडक.

एक गंमत पाहा. माडगूळकर माडगुळ्याचे, म्हणजे आटपाडीच्या बाजूचे, आणि चितमपल्ली सोलापूरचे. दोघेही कोरड्या मुलखातले. महाबळेश्वरला वर्षाला ६,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आटपाडीला ५०० देखील धड नाही. ही दोन टोके १९४९ पर्यंत सातारा या एकाच नावाखाली येत. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. कोरड्या टोकाच्या लेखकाला वनाची ओढ लागली, पण तो गेला थेट विदर्भात, नागझिऱ्याला. शेजारच्या कोयना-वारणेच्या खोऱ्यांना मराठी अरण्यलेखनात त्या मानाने फारच थोडी जागा मिळाली. यामागे व्यवहार असेल. विदर्भातले वन पानगळीचे, त्यात उन्हाळ्यात प्राणी दिसतात. सह्याद्रीच्या सदाहरित झाडीत दहा पावलांपलीकडे दिसत नाही आणि चार महिने पायवाट राहत नाही. पण त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात 'वन' म्हटले की जे चित्र उभे राहते, ते त्याच्या घराशेजारच्या वनाचे नसते.

दुर्गाबाई भागवतांचा उल्लेख इथे केला पाहिजे, कारण 'ऋतुचक्र' (१९५६) हे पुस्तक या विषयावरच्या लेखांत हमखास येते आणि हमखास चुकीच्या कारणासाठी येते. निसर्ग मन प्रसन्न करतो, याचा दाखला म्हणून ते दिले जाते. बाई तरुणपणी मध्य प्रांतातल्या आदिवासींमध्ये संशोधनासाठी हिंडत असताना रानातले काही खाण्यात येऊन त्यांना विषबाधा झाली. पुढची काही वर्षे आजारपणात गेली आणि पीएच.डी. राहून गेली. म्हणजे वनाने त्यांना आधी अंथरुणावर पाडले. 'ऋतुचक्र' आले ते त्यानंतर, मुंबईकर लेखिकेच्या हातून, चैत्रापासून एकेक महिना घेत. त्यात रंगांची जी नेमकी नोंद आहे, कोवळ्या पालवीच्या छटा एकीपासून दुसरी अशा वेगळ्या काढल्या आहेत, ती वनाने बहाल केलेली प्रसन्नता नाही. अंथरुणावर पडलेल्या माणसाला वेळ असतो, आणि बाहेरचे जग आपल्यावाचून चालू आहे हे त्याला रोज कळत असते. अल्रिकच्या रुग्णांपैकी कुणाला लिहिता येत असते तर असे काही लिहिले असते का, असा विचार माझ्या मनात येतो, पण तो तिथेच सोडतो.

आता मूळ मुद्द्याकडे.

बामणोलीहून शिवसागराच्या पाण्यातून होडीने पलीकडे गेले की वासोट्याची वाट लागते. तिथे जाणारा प्रत्येक जण परत येऊन शांततेचे वर्णन करतो. मीही केले आहे. खरोखरच तशी शांतता सातारा जिल्ह्यात दुसरीकडे मिळणे कठीण. पण होडी ज्या पाण्यावरून जाते त्याखाली गावे आहेत. कोयना धरणाचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले, पाणी साठले, आणि खोऱ्यातली माणसे सोलापूरपासून रायगड-ठाण्यापर्यंत पांगली. दक्षिणेला वारणेवर चांदोलीचे धरण झाले. १९८५ मध्ये कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये जाहीर झाली, चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये दोन्ही मिळून सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी जागतिक वारशाच्या यादीत गेली. दर टप्प्याला वन अधिक सुरक्षित होत गेले, ते व्हायलाच हवे होते असे माझे मत आहे, आणि दर टप्प्याला तिथले माणूस थोडे अधिक बाहेर गेले. वासोट्याची शांतता जितकी निसर्गाची आहे, तितकीच ती उठवलेल्या गावांची आहे.

ज्ञानदेवांच्या त्या वर्णनातली एक अट मी मुद्दाम मागे ठेवली होती. जागेत साधकांची वस्ती असावी, पण लोकांच्या पायरवाने ती मळलेली नसावी. साधक चालतील, जन नकोत. ज्ञानदेवांनी कुणाला उठवले नाही. ते जिथे लोक नाहीत अशी जागा शोधायला सांगत होते. आधुनिक काळात ती जागा तयार करता येते, आणि मग साधकाच्या ठिकाणी पर्यटक येतो.

काही वर्षांपूर्वी वाळव्याकडच्या एका पुनर्वसित वसाहतीत माझे जाणे-येणे होते. शाळेत होतो, त्यामुळे मला तिथे मास्तरच म्हणत. चांदोलीच्या वरच्या अंगाच्या गावातून उठून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना मी माझा लेखनविषय समोर ठेवून विचारले, "आजी, वर रानात होता तेव्हा बरं वाटायचं का हो?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं वाटायला आमी काय पावणं हुतो व्हय मास्तर? आमी तितं ऱ्हात हुतो."

मग त्यांनी सांगितले ते दोन्ही बाजूंचे होते. हिरडा, शिकेकाई, मध, करवंदे. म्हशी सोडल्या की संध्याकाळी आपल्या आपण येत. आणि अडलेली बाळंतीण झोळीत घालून खाली आणायची, वाटेत गेली तर गेली. पावसाळ्याचे चार महिने मीठ-मिरची आधी भरून ठेवायची. "हितं दवाखाना हाय, रस्ता हाय, येष्टी दारात येती. झोप तेवढी न्हाई." झोप वयामुळेही नसेल. मी त्याचा पुरावा करणार नाही. पण माझ्या प्रश्नातली चूक त्यांनी एका वाक्यात दाखवली होती. बरे वाटणे हा पाहुण्याचा अनुभव आहे. जो जातो आणि परत येतो, त्यालाच फरक कळतो. राहणाऱ्याला वन म्हणजे हवापालट नव्हे, हवाच.

म्हणून समीक्षक म्हणून माझे एक म्हणणे आहे, ते वादाचे ठरले तरी चालेल. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' आपण धरणग्रस्तांची कादंबरी, ग्रामीण कादंबरी, राजकीय कादंबरी म्हणून वाचतो. १९९२ चा अकादमी पुरस्कार तिला मिळाला तेव्हापासून तिची चर्चा याच अंगाने होत आली आहे. ती अरण्यलेखनाच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे. पाटील वारणेच्या पलीकडच्या शाहूवाडीच्या अंगाचे. मुळासकट उपटून दुसऱ्या मातीत, दुसऱ्या पाण्यावर टाकलेल्या माणसाचे काय होते याची तपशीलवार नोंद त्या कादंबरीत आहे. कागद, सातबारा, कचेरीतल्या खेपा, लाभक्षेत्रातल्या गावाचे तोंड फिरवणे. वनातून शहरात परतलेल्या पाहुण्याचे मन कसे हलके झाले याविषयी आपल्याकडे आता भरपूर लेखन आहे. वनातून कायमचे उतरलेल्या माणसाचे शरीर आणि मन कसे झाले, हा त्याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो कादंबरीच्या कपाटात पडून आहे. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाने धरणग्रस्तांच्या मागण्या वर्षानुवर्षे रस्त्यावर मांडल्या. त्यात जमीन होती, पाणी होते. झोप मागणीपत्रात लिहिता येत नाही. ती लिहिण्याची जागा साहित्यच.

'झाडाझडती'वर माझा आक्षेपही आहे. वर्णनाचा पसारा कधी कधी माणसांना गिळतो, आणि मागे टाकलेले गाव आठवणीत जरा जास्त हिरवे होते. झोळीतली बाळंतीण त्या हिरवाईत हरवण्याची भीती असते. 'बनगरवाडी'त माडगूळकरांनी हे होऊ दिले नाही. दुष्काळाने वाडी उठते तेव्हा ते वाडीला सुंदर करत नाहीत. ती होती तशीच राहते, फक्त रिकामी.

आणि वनाचे वर्णन करताना एक आजार विसरता कामा नये. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ च्या सुमारास माकडतापाची साथ आली. गोचिडीतून पसरणारा हा ताप वानरांनाही मारतो आणि काजूच्या बागेत, रानात काम करणाऱ्यांनाही. 'सत्तांतर'च्या लेखकाला ही बातमी कळती तर त्याने ती टिपून ठेवली असती असे वाटते.

उरते ते सागरेश्वर. मी राहतो तिथून ते जवळ. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे याच्या पायथ्याशी. इथले वन जुने नाही. डोंगर उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, माणसे जमवली, वनखात्याने झाडे लावली, प्राणी बाहेरून आणून सोडले, आणि १९८५ मध्ये हे अभयारण्य झाले. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. बारमाही पाणी नाही, म्हणून प्राण्यांसाठी पाणवठे बांधावे लागले. अरण्याच्या रसिकांना हे वन खोटे वाटते. कोयनेहून आलेले माझे एक स्नेही त्याला 'बाग' म्हणाले. मला त्या शब्दात कमीपणा दिसत नाही. इथे जागेची निवड झाली नाही. जागा होती तशी वाईट होती आणि तिचे वन केले. ज्यांनी खड्डे काढले, पाणी वाहिले, त्यांना त्यातून काय मिळाले याचा अभ्यास कुणी केला तर मला तो दोन तासांच्या निष्कर्षापेक्षा जास्त वाचावासा वाटेल. तिथे माणूस ना पाहुणा होता, ना उठवलेला. तो कामाला होता. आमच्या बोलीतला 'रानात गेलाय' तिथे अक्षरशः लागू पडतो.

निवृत्तीनंतर रक्तदाब वाढला आणि सांगलीच्या डॉक्टरांनी चालायला सांगितले, तेव्हापासून महिन्यातून दोन-तीनदा मी तिथे जातो. रक्तदाब उतरला आहे. गोळीही रोज घेतो. मद्रासचा तो प्रयोग वाचल्यापासून श्रेय कुणाला द्यायचे याबाबत मी गप्प असतो. डोंगराच्या पायथ्याशी जुन्या शिवमंदिरांचा समूह आहे. ज्ञानदेवांनीही जागेच्या वर्णनाच्या शेवटी म्हटले आहे की तिथे एखादा गुप्त मठ असावा, नाहीतर शिवालय. तेवढी एक अट सागरेश्वर पुरी करते. बाकी झाडे गोड नाहीत, पावलापावलावर पाणी नाही, वैशाखात ऊन कोवळे नसते. हंस-सारसांचा प्रश्नच नाही. मोर मात्र येऊन-जाऊन नाहीत, मुक्कामालाच आहेत, आणि ओरडतात फार.